हालम्माचा तवा कुणी घासला?

१

पहिला डोसा तव्याला चिकटला, तेव्हा तिप्पेशनं तो खरवडून बाजूला टाकला. पहिल्याचं होतं तसं. दुसरा चिकटला, तेव्हा त्यानं चुलीतलं लाकूड पुढे सरकवलं. तिसऱ्याच्या चिंध्या झाल्या, तेव्हा मात्र त्यानं भटारखान्यातला बल्ब दोरीनं खाली ओढला, तव्यावर वाकला आणि बोंब ठोकली, "अम्मा! अम्मा, धावा! तवा मेला!"

हालम्मा गल्ल्यावर उदबत्ती लावत होती. ती आत आली आणि जागच्या जागी थबकली. सासऱ्याच्या काळापासूनचा तो लांबरुंद लोखंडी तवा लोणी पिऊन पिऊन काळाकुळकुळीत झाला होता, वाकून पाहिलं तर तोंड दिसावं असा. आता तो राखाडी, खरबरीत, उघडाबोडका पडला होता. कुणीतरी त्याचं वर्षानुवर्षांचं कातडं सोलून काढलं होतं.

दावणगेरेत लोणी डोशाची हॉटेलं पैशाला पासरी. पीठ सगळ्यांचं सारखं, लोणी एकाच बाजारातलं, खोबऱ्याची चटणी आणि बटाट्याची पांढरी भाजीही तीच. फरक काय तो तव्याचा. जुन्या तव्याला साबण लावायचा नसतो, घासणी लावायची नसते; अर्धा कांदा आणि तेल, बस्स. लहान पोरालाही हे ठाऊक होतं. म्हणजे ज्यानं केलं त्यानं कळून-सवरून केलं.

आणि दिवस कोणता गाठला होता! हॉटेलची जागा साहुकार विरूपाक्षप्पाची. कागद कधीच झाला नव्हता. साहुकाराच्या वडिलांनी घातलेला पायंडा असा की, मुदत संपली की मालकानं यायचं, हॉटेलात बसून डोसा खायचा, 'चालू दे' म्हणायचं. तेवढाच करार. अट एकच, या जागेत अंडं-मांस शिजणार नाही. मुदत आज संपत होती आणि साहुकार दुपारी येणार होता. जागा मोबाइलच्या दुकानाला द्यायला तो कधीचा टपलेला होता, निमित्त तेवढं हवं होतं. डोसाच नसेल तर 'चालू दे' कशावर म्हणणार?

बातमी बाहेरच्या बाकांपर्यंत गेली. डोशाची वाट बघत बसलेली मंडळी उठून उभी राहिली.

"दुसरं कोण असणार? करिबसप्पा!" एकजण ओरडला.

रस्त्यापलीकडे करिबसप्पाचं हॉटेल होतं. दोन्ही घरांचं वैर जुनं. मागच्याच आठवड्यात पार्किंगवरून भांडताना तो भर रस्त्यात म्हणाला होता, "हालम्मा, तुझा तवा एक दिवस थंड पडेल, बघ!"

हालम्मा पदर खोचून बाहेर येईपर्यंत करिबसप्पाच्या काचेवर पहिला दगड पडला होता.

२

"कुणी मारला?" हालम्मानं रस्त्याच्या मधोमध उभं राहून विचारलं. "हात वर करा. तवा माझा गेलाय, तुमच्या बापाचा नाही. भांडायचं तर मी भांडेन."

कुणी हात वर केला नाही. या बाईच्या तोंडाला लागायची कुणाची टाप नव्हती. नवरा गेला तेव्हा याच गल्लीनं म्हटलं होतं, विधवेनं गल्ल्यावर बसू नये, गिऱ्हाइकाला अपशकुन होतो. हालम्मानं दुसऱ्या दिवशी गल्ला उचलून दाराच्या तोंडाशी आणला होता. म्हणाली, ज्याला अपशकुन होतो त्यानं दुसऱ्या दारानं जावं. दुसरं दार नव्हतंच.

ती तशीच करिबसप्पाच्या हॉटेलात शिरली. तो काचा गोळा करत होता.

"तू केलंस?"

"काय अण्णा, कसा आहेस अण्णा, असं काही नाही. डायरेक्ट तू केलंस?" करिबसप्पा भडकला. "ऐक. मी तुझा दुश्मन आहे की नाही?"

"आहेस."

"मला डोशातलं कळतं की नाही?"

"थोडंफार."

"थोडंफार!" त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. "अगं, मला तुझा तवा मारायचा असता तर खाली जाळ करून लाल केला असता आणि वर गार पाण्याची घागर ओतली असती. फाटकन् तडा! दोन तुकडे! परत जोडता आला नसता. घासत कोण बसतं? हात मोडेपर्यंत? घासलेला तवा पुन्हा तयार होतो, वेळ लागतो इतकंच. हे काम दुश्मनाचं नाही, हालम्मा. दुश्मनाला अक्कल असते."

हालम्मा जायला वळली. माणूस फाटक्या तोंडाचा होता, पण बोलला ते खरं होतं.

"एक विचारू?" मागून करिबसप्पा म्हणाला. आता त्याचा आवाज खाली आला होता. "बिघडवायला आलेला माणूस सगळीकडे सारखा घासतो. तुझा तवा कसा घासलाय, पाहिलंस का?"

तिनं पाहिलं नव्हतं.

३

भटारखान्यात तिप्पेश डोळे पुसत बसला होता. वीस-बावीस वर्षं त्यानं या तव्यावर डोसे घातले होते. त्याला बेंगळुरूच्या एका मोठ्या हॉटेलाचं बोलावणं आलेलं, हे हालम्माला कळलं होतं. तो तिला अजून बोलला नव्हता.

"तिप्पेश, तू बेंगळुरूला जाणार आहेस म्हणे."

तिप्पेशचं तोंड उतरलं. "जाणार नाही असं मी कालच कळवलंय, अम्मा. त्यावरून बायकोनं कालपासून अबोला धरलाय. आणि काल सोमवार, आपली सुट्टी. मी गावच्या जत्रेत होतो, निम्मं दावणगेरे होतं तिथे. विचारा कुणालाही."

"बरं. रडू नको. बल्ब खाली धर."

दोघांनी तवा नीट पाहिला. करिबसप्पा म्हणाला होता ते बरोबर निघालं. कडेला अजून काळेपणाचे पट्टे होते. मधोमध मात्र ताटाएवढा एक गोल घासून घासून पांढुरका केला होता. घासणाऱ्यानं तिथून सुरुवात केली होती आणि मग बाहेर बाहेर जात दमून सोडून दिलं होतं.

"याला बिघडवायचं नव्हतं, याला मधलं काहीतरी काढायचं होतं," हालम्मा म्हणाली.

तिप्पेशनं तव्यावर बोट फिरवून नाकाशी नेलं. "चिंच. चिंच आणि राख. पितळेचे देव घासतात तसा घासलाय, अम्मा. कोण मूर्ख..." तो थांबला. "हे काय?"

भिंतीकडच्या कडेला, जिथे सहसा कुणाची नजर जात नाही, तिथे विभूतीचे तीन पट्टे होते. बोटांनी ओढलेले. थोडे पुसट झालेले.

हालम्माच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तवा घासणाऱ्यानं तव्याची क्षमा मागितली होती. चोरदरोडेखोर विभूती लावत नाहीत.

मग तिला एकेक गोष्ट दिसायला लागली. मागचं दार, जे थेट घराच्या स्वयंपाकघरात उघडतं, त्याची कडी शाबूत होती. चुलीत निलगिरीच्या लाकडांच्या राखेत नारळाच्या करवंट्यांचे जळके तुकडे होते. हॉटेलची भट्टी करवंट्यांवर कुणी पेटवत नाही, ज्याला एवढासा जाळ हवा तोच करवंट्या घालतो. हवेत धुपाचा वास होता. धूप इथे गल्ल्यावर लागतो. भटारखान्यात धूप घालायचा तर एकच कारण, दुसरा एखादा वास मारायचा होता.

आणि लोण्याच्या पातेल्यामागे तिच्या घरातला मिरपुडीचा डबा होता.

डोशाला मिरपूड लागत नाही. चटणीला लागत नाही, बटाट्याच्या भाजीलाही नाही. हालम्मानं डबा हातात घेतला आणि ताटाएवढ्या त्या गोलाकडे पाहिलं. काहीतरी पातळ ओतलेलं, गोल पसरलेलं, वर मिरपूड भुरभुरलेली, ज्याचा वास धुपानं मारावा लागतो असं. तिचं तोंड कडू झालं.

"तिप्पेश," ती म्हणाली, "तू बाहेर जा. आणि माझ्या घरात काय बोलणं होतंय ते ऐकू आलं तरी ऐकू नको."

४

घरात न्याहारीला चित्रान्न होतं, फोडणीचा पिवळा भात. मुलगा मुरुगेश पाटावर बसून चमच्यानं खात होता. समोर सून स्पंदना, पाचवा महिना लागलेला, भिंतीला टेकून बसली होती. पोरगी चित्रदुर्गची, क्रीडा वसतिगृहात वाढलेली, जिल्ह्याच्या कबड्डी संघात चढाई करणारी. लग्न करून आली तेव्हा गल्लीतल्या बायका म्हणाल्या होत्या, हालम्माला हालम्माच भेटली.

काल दोघंच घरी होती. हालम्मा सोमवार म्हणून हरिहरला देवदर्शनाला गेली होती आणि दिवेलागणीला परतली होती. डॉक्टरनं गेल्या खेपेला सुनेच्या अंगात रक्त कमी आहे म्हणून सांगितलं होतं आणि एक गोष्ट खायला सांगितली होती. हालम्मानं ती ऐकून न ऐकल्यासारखी केली होती. खजूर खा, बीट खा, म्हणाली होती.

तिनं मिरपुडीचा डबा सुनेसमोर ठेवला.

"अंड्याचं काय केलंस? आमलेट की डोशावर?"

मुरुगेशच्या हातातला चमचा ताटात पडला. स्पंदनानं मात्र मान वर केली. तिच्या डोळ्यांत भीती नव्हती.

"डोशावर," ती म्हणाली. "दोन अंडी. पोटभर खाल्लं, अत्ते."

५

"सोमवारी! माझ्या तव्यावर!"

"घरातल्या गॅसवर करणार होते, पण तिथे तुमचा देव्हारा आहे. त्याच्यासमोर करायला मन झालं नाही. तवा म्हणजे दुकान, असं वाटलं मला." स्पंदना भिंत धरून उठली. "डॉक्टर बोलले तेव्हा तुम्ही शेजारीच होता. तुम्ही बीट आणलंत. बीट खाऊन जिना चढताना मला चक्कर येते. वसतिगृहात रोज सकाळी अंडं होतं, तेव्हा मी सात जणींना ओढत रेषेपर्यंत न्यायची. मला चोरून खायचं नव्हतं, अत्ते. तुम्ही आलात की सांगणार होते. तुमच्या तोंडावर."

"मग सांगितलं का नाहीस?"

स्पंदनानं मिरपुडीचा डबा उचलून बाजूला ठेवला. तिनं नवऱ्याकडे पाहिलंही नाही. कबड्डीतली पोरगी आपल्या माणसाला उघडं पाडत नाही.

"आणि तवा कुणी घासला?"

"मी नाही," ती म्हणाली. "मी कांदा-तेल लावून आले होते. तिप्पेशअण्णा लावतात तसंच. रोज बघते ना."

हालम्माला ते आधीच कळलं होतं. तिची नजर ताटातल्या चमच्यावर होती. तीस वर्षांत मुरुगेशनं चित्रान्न कधी चमच्यानं खाल्लं नव्हतं. भाताला लिंबू पिळलेलं होतं. सोललेल्या बोटांना लिंबू झोंबतं. आणि या घरात दर सोमवारी समया आणि देवाची भांडी चिंचेनं घासायचं काम शाळेत असल्यापासून एकाच माणसाचं होतं.

"हात दाखव," ती म्हणाली.

मुरुगेशनं हात पुढे केले. बोटांची टोकं लालभडक, सोललेली.

"मला वास येत होता, अम्मा," तो म्हणाला. "तिनं सगळं साफ केलं होतं, तरी मला येत होता. साहुकार उद्या येणार, त्याला वास आला तर? तुला आला तर? मी म्हटलं जरासं मधलं घासू. मग तेवढंच पांढरं दिसायला लागलं, म्हणून बाजूचं घासलं. मग आणखी. मग मला थांबताच येईना. हिला म्हटलं, तू काही बोलू नको, मी निस्तरतो."

"आणि सकाळी करिबसप्पाच्या काचेवर दगड पडला तेव्हा? तेव्हा कुठे होतास?"

"खिडकीत," मुरुगेश म्हणाला.

हालम्माच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अंड्याची तिला शिसारी आली होती, हे खरं. पण आता आलेला राग वेगळा होता.

"हिनं खाल्लं ते खाल्लं," ती म्हणाली. "भूक लागली, पोटात जीव आहे, खाल्लं, आणि विचारल्यावर हो म्हणाली. तू माझ्या सासऱ्याचा तवा सोललास आणि दुसऱ्याच्या काचेवर दगड पडताना खिडकीतून बघितलंस. मी या गल्लीत मान वर करून तुला वाढवला, मुरुगेश. तू कुणावर गेलास रे?"

तेवढ्यात बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. साहुकार वेळेआधीच आला होता.

६

साहुकार विरूपाक्षप्पा बाकावर पसरून बसला होता. भोवती सकाळचीच मंडळी जमली होती आणि त्याला सगळं तिखटमीठ लावून सांगून झालं होतं. रस्त्यापलीकडे करिबसप्पा दारात उभा होता, हाताची घडी घालून. फुटकी काच अजून मागे तशीच होती.

"फार वाईट झालं, हालम्मा," साहुकार म्हणाला. "डोसा नाही तर नाही. मी काही राक्षस नाही. करिबसप्पानं तवा नासवला, हे अख्खं गाव सांगतंय. तू फक्त हो म्हण. पोलिसांत मी बोलतो. त्याचं हॉटेल बंद झालं की तुलाही बरं, मलाही बरं. आणि तुझी जागा, चालू दे."

सगळ्यांना ठाऊक होतं की करिबसप्पाची जागा स्वतःची होती आणि साहुकारानं कितीदा मागूनही त्यानं विकली नव्हती. म्हणजे आज एका 'हो'मध्ये दोन कामं होणार होती. हालम्माला फक्त मान हलवायची होती. दारात मुरुगेश उभा होता, त्याच्या मागे स्पंदना. मुरुगेशच्या डोळ्यांत आशा होती, आणि तीच बघून हालम्माचं ठरलं.

"करिबसप्पानं केलेलं नाही," ती म्हणाली. मग जरा मोठ्यानं, रस्त्यापलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात, "माझ्या मुलानं केलंय. भित्रेपणानं. तव्यावर माझ्या सुनेनं काल अंड्याचा डोसा करून खाल्ला, त्याचा वास घालवायला."

 कुणीतरी "शिव शिव" म्हणालं.

"शुद्धीवर आहेस का?" साहुकार उठून उभा राहिला. "माझ्या जागेत अंडं? सोमवारी?"

"सोमवारी. दोन. पोरीच्या अंगात रक्त नाही. डॉक्टरनं सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही, म्हणून तिला चोरासारखी पेटवावी लागली चूल. चूक असेल तर ती माझी. पण तुमच्या अटीत ते बसत नाही, मला माहीत आहे."

"एवढं माहीत आहे तर संध्याकाळपर्यंत जागा खाली कर."

"संध्याकाळपर्यंत कशाला?" हालम्मा म्हणाली. "तिप्पेश! चूल विझव. तवा बाहेर काढायचाय. मुरुगेश, उभा काय राहिलास? हात लाव."

तवा दोघांच्यानं हलेना. बाकांवरची माणसं एकमेकांकडे बघत राहिली. मग रस्ता ओलांडून करिबसप्पा आला, त्यानं शर्टाच्या बाह्या सारल्या आणि एक कोपरा धरला.

"माझ्या दारासमोर चूल मांडलीस तर माझं गिऱ्हाईक जाईल," तो गुरगुरला.

"जाईलच," हालम्मा म्हणाली. "जड उचल जरा. आणि काच उद्या बसवून देते."

तवा फूटपाथवर दगडांवर बसला. जाळासाठी करिबसप्पानंच आपल्या भट्टीची लाकडं आणून टाकली, शिव्या देत देत. तिप्पेशनं कांदा कापला. तेल, कांदा, जाळ. पुसायचं, पुन्हा तेल, पुन्हा जाळ. पहिला डोसा चिकटला. दुसराही. सकाळी दगड मारणारी मंडळी आता लाजेनं लोणी आणायला धावत होती. तीनचार डोसे वाया गेले तेव्हा कुठे एक निघाला, कडेनं फाटलेला, पण निघाला. साहुकाराची गाडी अजून तिथेच होती. त्यानं काच खाली केली होती. बघायचा मोह त्यालाही सुटत नव्हता.

हालम्मानं मुलाकडे पाहिलं. "जा. कोपऱ्यावरच्या दुकानातून अंडी घेऊन ये."

मुरुगेश गेला. त्या गल्लीत अंडी आणायची तर वर्तमानपत्रात गुंडाळून, काळ्या पिशवीत घालून, पदराखाली लपवून. तो परत आला तेव्हा अंड्यांचा अख्खा ट्रे त्याच्या उघड्या तळहातांवर होता. गिऱ्हाइकांमधून, बायकांमधून, साहुकाराच्या गाडीसमोरून तो सरळ चालत आला. त्याची मान खाली नव्हती.

"अरे, झाक तरी!" कुणीतरी म्हणालं.

"कशाला?" मुरुगेश म्हणाला.

तिप्पेशनं नवा डोसा पसरला. हालम्मानं ट्रेमधून एक अंडं उचललं. आयुष्यात तिनं अंडं हातात धरलं नव्हतं; तिच्या अंगावर शहारा आला आणि तिनं तो लपवला नाही.

"मी खाणार नाही, आधीच सांगते," ती सुनेला म्हणाली. "कसं फोडतात गं हे?"

"कडेवर आपटा, अत्ते," स्पंदना म्हणाली. "जोरात."

हालम्मानं साहुकाराच्या गाडीकडे तोंड केलं आणि अंडं तव्याच्या कडेवर आपटलं.